ठिपका कुठे गेला?

माझी रूममेट एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला आहे. परवा व्हायवात तिला विचारलं, 'तुझ्या एनएमआर स्पेक्ट्रममध्ये प्रोलिनचा ठिपका कुठंय?' सॉफ्टवेअरमध्ये तो स्पेक्ट्रम तिनेच काढलेला, तरी ती गप्प. खरं तर उत्तर एका ओळीचं. इथे ठिपका उमटतो नायट्रोजन आणि त्याला चिकटलेल्या हायड्रोजनच्या जोडीचा. प्रोटीनच्या साखळीत प्रोलिनच्या नायट्रोजनला हायड्रोजनच नसतो, मग ठिपका कुठून येणार?

तिचं म्हणणं, 'अल्फाफोल्ड आहे ना, मग कशाला डोकेफोड?' बरोबर, अल्फाफोल्डच्या दोन कर्त्यांना २०२४ चं नोबेलही मिळालं. पण तिथे मिळतो तो बहुतेकदा प्रोटीनचा एक स्थिर फोटो. पाण्यात विरघळलेलं प्रोटीन वळवळतं, वाकतं. औषधाचा रेणू येऊन चिकटला की ठिपके जागा सोडतात. हे एनएमआर दाखवतं. साधारण पाच अँगस्ट्रॉमच्या आतले हायड्रोजन एकमेकांची चाहूल देतात. त्या अंतरांवरून द्रावणातल्या प्रोटीनची घडी उलगडायची पद्धत बसवणाऱ्या कुर्त व्यूथ्रिख यांना २००२ चं नोबेल मिळालं. (एमआरआयचं तत्त्वही हेच. तिथे 'न्यूक्लिअर' शब्द गाळलाय, लोक घाबरू नयेत म्हणून!)

कुलाब्याला टीआयएफआरमध्ये एनएमआरची राष्ट्रीय सुविधा आहे. तिथवर पोचणाऱ्या मुलांना नुसतं क्लिक करता येऊन कसं चालेल? पहिला महिना सॉफ्टवेअर बंद ठेवा, स्पिन आणि रिलॅक्सेशन फळ्यावर शिकवा.

रूममेटने काल ठिपके पुन्हा मोजले. प्रोलिन वगळूनही दोन कमीच भरतायत. रात्री दीडपर्यंत वही घेऊन बसली होती.