पाय मोडका र

नागपुरात सीताबर्डीच्या एका दुकानात लग्नपत्रिकेचं प्रूफ वाचत होतो. ‘वऱ्हाडी मंडळी’ऐवजी छापलं होतं ‘वर्हाडी’, रफार थेट ह च्या डोक्यावर! पोरगा म्हणाला, “काका, टाईप करूनच राहिलो ना, पण तो र येतच नाही.” येतो. लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट निवडा, शिफ्ट धरून जे दाबा, मग डी, मग यू: ऱ, हलन्त, ह. झालं वऱ्हाड. साधा र घेतला की रफारच पडणार. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो तोही असाच. शब्द वऱ्हाडाचा आणि त्याचीच कळ नागपुरात माहीत नसावी! तिकडे कंबोडियाच्या ख्मेर लिपीतही जोडाक्षराचं असंच आहे. तिचं मूळही ब्राह्मीतच. मधलं चिन्ह दाबलं की पुढचं व्यंजन आधीच्या अक्षराखाली जाऊन बसतं. त्या चिन्हाला ते ‘जंग’ म्हणतात, म्हणजे पाय. आपण अक्षराचा पाय मोडतो, ते पाय जोडतात. आणि त्यांच्या कीबोर्डवर तो पाय असतो नेमका आपल्या र च्या कळीवर, जे वर. पोराला कळा कागदावर लिहून दिल्या. त्यानं तो कागद मॉनिटरला चिकटवला, अन् पत्रिकेचे पन्नास रुपये जास्तच लावले.