अनाथ छपाई

'मागणीबरहुकूम छपाई'ची सोय झाल्यापासून छायाचित्रकार प्रकाशकाच्या दास्यांतून मुक्त झाला, असा जयघोष हल्लीं सर्वत्र ऐकूं येतो. २००२ सालीं लुलू व २००५ सालीं ब्लर्ब या संस्था अमेरिकेंत निघाल्या, आणि संगणकावर पानें जुळवून धाडलीं कीं एका प्रतीचाही ग्रंथ घरपोंच मिळूं लागला. ही सोय लहान नव्हे. ऑफसेट छपाई परवडावी म्हणून शेंकडों प्रती एकदम काढाव्या लागतात व त्यांतील कित्येक माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन होतात. तें संकट टळलें, हें आम्ही आनंदानें मान्य करितों. पण प्रकाशन सुलभ झालें म्हणजे मुद्रणही साधलें, असें जे समजतात त्यांच्याशीं आमचा वाद आहे; आणि कृष्णधवल छायाचित्रांच्या बाबतींत तर तो निकराचा आहे.

कृष्णधवल चित्राचें सर्वस्व करड्या छटांत असतें. या छपाईंत त्या छटा उमटविण्याचे सामान्यतः दोन मार्ग असतात. पहिला एकट्या काळ्या शाईचा. तो स्वस्त खरा, परंतु त्यांत गडद भाग सपाट व निस्तेज पडतात. दुसरा चार शाया एकमेकींवर चढवून करडा रंग साधण्याचा. त्यांत एका शाईचें प्रमाण किंचित् ढळलें कीं आजीच्या पांढऱ्या केसांवर हिरवट झांक येते, आणि पुढच्या प्रतींत तीच जांभळट होते. प्रत्येक प्रत निराळ्या दिवशीं, कदाचित् निराळ्या यंत्रावर निघते. यंत्रापाशीं उभें राहून 'थांबा, काळा कमी पडला' असें म्हणणारें कोणी नसतें.

उत्तम ग्रंथ असे निपजलेले नाहींत. आल्फ्रेड स्टीग्लिट्झनें १९०३ ते १९१७ पर्यंत चालविलेल्या 'कॅमेरा वर्क'मधील फोटोग्रॅव्ह्यूर चित्रें पाहावींत. त्या पद्धतींत पत्र्यावरील खळगा जितका खोल तितकी शाई दाट बसते. म्हणून सावलीलाही खोली येते. पुढें ऑफसेटनें काळ्या शाईच्या जोडीला करडी शाई घेऊन तीच खोली साधण्याचा यत्न केला. दोन्हींकडे डोळस मुद्रक हाच खरा आधार होता.

कोणी म्हणेल, सामान्य वाचकाला हा भेद कळतो कोठें? आमच्या मतें हा वाचकाचा अपमान आहे. त्याला दोषाचें नांव सांगतां येणार नाहीं. पण तो ग्रंथ मिटून ठेवील व पुन्हां उघडणार नाहीं. शिवाय फिल्म बुरसते, संगणकांतील संग्रह एका रात्रींत नाहींसा होतो. पन्नास वर्षांनीं एखाद्या मोडलेल्या वाड्याची साक्ष देण्यास बहुधा हा ग्रंथच उरेल. ती साक्ष हिरवट-जांभळट असावी काय?

म्हणून आमचें सांगणें इतकेंच. आधीं एकच प्रत मागवावी, ती दिवसाच्या उजेडांत मूळ चित्राशेजारीं ठेवून तपासावी, आणि पसंत नसेल तर निःसंकोच नाकारावी. ग्रंथ टिकावा अशी इच्छा असेल, तर आगाऊ वर्गणीदार मिळवून जवळच्या चांगल्या छापखान्यांत दोन शायांनीं तो छापावा. छापण्याचा हक्क आतां सर्वांना मिळाला आहे. छपाईची जबाबदारी मात्र कोणीं घेतलेली नाहीं. ती छायाचित्रकारानें घेतली नाहीं, तर त्याच्या स्वातंत्र्याला आम्ही स्वस्ताई याहून मोठें नांव देणार नाहीं.