सिंगापूरचे क्वार्टर

वीज केंद्राच्या वसाहतीत ज्याचे लहानपण गेले, त्याला परदेशातल्या नोकरीचे मर्म वेगळे समजावून सांगावे लागू नये. नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेड्यात २१० मेगावॉटचे चार आणि ५०० मेगावॉटचा एक असे पाच संच उभे आहेत. त्यांच्या आधाराने वसलेल्या कॉलनीत घर कोणाला मिळेल, केवढे मिळेल आणि कधीपर्यंत मिळेल, हे नोकरी ठरवते. साहेबाचे क्वार्टर मोठे, ऑपरेटरचे लहान. बदली झाली की सामान ट्रकवर चढते आणि निवृत्तीनंतर ठरल्या मुदतीत चावी परत द्यावी लागते. अंगणातला आंबा स्वतःच्या हाताने लावलेला असला तरी जमीन वीज बोर्डाची. (२००५ साली बोर्डाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, जुनी माणसे अजून ‘बोर्ड’च म्हणतात.)

सिंगापुरातल्या मराठी कुटुंबाचे रोजचे जगणे पाहिले की ही कॉलनी आठवत राहते. रस्ते झाडलेले, नळाचे पाणी थेट पिण्याजोगे, मेट्रो वेळेवर. रात्री अकराला मुलगी एकटी घरी येते आणि घरात कोणी घड्याळाकडे डोळे लावून बसत नाही. गावाकडे व्हिडिओ कॉलवर दाखवण्यासारखे पुष्कळ असते. सहसा दाखवले जात नाही ते पाकिटातले कार्ड. आणि सगळा संसार उभा असतो तो त्या कार्डावर.

जून २०२४ मध्ये सिंगापूरची लोकसंख्या ६० लाखांवर गेली. त्यातले साडेअठरा लाख लोक नागरिकही नाहीत आणि कायम रहिवासीही नाहीत. म्हणजे दर दहांतले तिघे कोणत्या ना कोणत्या पासवर तिथे आहेत. वरच्या नोकऱ्यांसाठी ‘एम्प्लॉयमेंट पास’. त्यासाठी १ जानेवारी २०२५ पासून महिना किमान ५,६०० सिंगापूर डॉलर पगार लागतो, आणि वय वाढेल तशी ही अटही वर सरकते. मधल्या कामांसाठी ‘एस पास’. बांधकाम, जहाजबांधणी, घरकाम यांसाठी ‘वर्क परमिट’. बायको-मुलांना सोबत ठेवायचे तर पगार ६,००० डॉलर हवा. आईवडिलांना दीर्घ मुदतीसाठी ठेवायचे तर १२,०००. सिंगापूरच्या कायद्याला आईची माया मान्य आहे, पण ती बारा हजारांच्या पुढे. बाकीच्यांच्या आया बाळंतपणाला पाहुण्यांच्या व्हिसावर जातात, डिंकाचे लाडू वळून देतात आणि मुदत संपली की परततात.

या हिशेबात सगळ्यात जास्त सोसते ती सोबत गेलेली बाई. नागपुरात बँकेत किंवा कॉलेजात नोकरी करणारी मुलगी लग्न होऊन तिथे जाते ती ‘डिपेंडंट’ म्हणून. पूर्वी अशा पासवर साध्या परवानगीपत्राने काम करता येई. मे २०२१ पासून ती सवलत आटली आणि नोकरी करायची तर स्वतःचा स्वतंत्र पास मिळवण्याची अट आली. इकडे नातेवाईक म्हणतात, ‘मजा आहे बाप्पा तुझी, काम नाही काही.’ पगाराची सवय असलेल्या बाईला काम नसण्यात काय मजा वाटत असेल, हे विचारायला कोणी थांबत नाही.

नोकरी गेली तर? पास रद्द होतो आणि आवराआवर करायला साधारण ३० दिवस मिळतात. कर्जमाफी नाही की कोर्टात तारीख नाही. म्हणून तिथे घर भाड्याने घेताना जाणती माणसे करारात एक कलम आवर्जून घालून घेतात: नोकरी सुटली किंवा देश सोडावा लागला तर अमुक नोटिशीवर करार मोडता येईल. या कलमाला ‘डिप्लोमॅटिक क्लॉज’ असे भारदस्त नाव आहे. मुत्सद्द्यांशी त्याचा आता फारसा संबंध उरलेला नाही. तो पोटापाण्याला गेलेल्या माणसाचा विमा आहे.

घर मिळवणे ही तर आणखी मोठी कथा. सिंगापूरचे बहुतेक रहिवासी ‘एचडीबी’ या सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात. पासवरच्या परक्याला तिथे घर विकत घेता येत नाही, भाड्याने घेता येते. त्यातही एका इमारतीत परक्यांना भाड्याने दिलेली घरे ११ टक्क्यांच्या वर जाऊ नयेत अशी २०१४ पासूनची मर्यादा आहे, आणि मलेशियाचे लोक त्यातून वगळलेले आहेत. खासगी फ्लॅट घ्यायचा तर एप्रिल २०२३ पासून परदेशी माणसाला ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क. एक कोटीच्या घरावर साठ लाख सरकारला! हे नियम कडक आहेत, पण निदान छापलेले आहेत. न छापलेला नियम घरमालकाच्या तोंडी असतो. ‘स्वयंपाक चालणार नाही’, ‘हलका स्वयंपाक चालेल’ अशा अटी सर्रास असतात, आणि भारतीय भाडेकरू नकोत असे सरळ लिहिलेल्या जाहिरातींवर तिथल्या आणि बाहेरच्या वृत्तपत्रांत चर्चाही झाली आहे. सावजीचा मसाला बॅगेत घालून गेलेल्या वैदर्भीयाला ‘हलका स्वयंपाक’ म्हणजे नक्की काय, हा प्रश्न पडणारच. तेव्हा एक गोष्ट त्याने आठवून पाहावी. नागपूर, पुणे, मुंबईत आडनाव ऐकून, ‘नॉनव्हेज खाता का’ विचारून घर नाकारले जाते, तेव्हा हाच माणूस काय म्हणत होता? बहुधा ‘सोसायटीचा नियम आहे’ असेच.

स्थानिकांचा राग समजून घेण्यासारखा आहे. २००५ साली भारत आणि सिंगापूर यांच्यात सर्वंकष आर्थिक सहकार्य करार झाला. आयटी आणि बँकांमधली भारतीयांची संख्या वाढत गेली तसा तो करार तिथे शिवीसारखा वापरला जाऊ लागला आणि २०२१ मध्ये त्यावर संसदेत लांबलचक चर्चा झाली. सप्टेंबर २०२३ पासून एम्प्लॉयमेंट पाससाठी गुणांची पद्धत आली. पास मिळायला ४० गुण लागतात, आणि त्यातला एक निकष असा की कंपनीतल्या व्यावसायिकांपैकी पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त लोक अर्जदाराच्याच देशाचे असतील तर त्या रकान्यात शून्य. भारतीयांना हा आपल्यावरच नेमलेला बाण वाटतो. पण ज्या गावाने प्रकल्पाला जमीन दिली त्या गावातल्या मुलाला आधी नोकरी द्या, ही मागणी खापरखेडा-कोराडी पट्ट्याला नवी नाही. बाहेरून आलेले साहेब आणि ठेकेदार यांच्याकडे प्रकल्पग्रस्त ज्या नजरेने पाहतो, तीच नजर सिंगापूरच्या मेट्रोत भेटते. ती नजर आवडो न आवडो, तिची कारणे इथल्या माणसाला कळायला हवीत.

मुलांचे काय, हा पुढचा प्रश्न. सरकारी शाळांत परदेशी मुलांचा क्रमांक शेवटी लागतो आणि फीही जास्त पडते, म्हणून पुष्कळ कुटुंबे सीबीएसई शिकवणाऱ्या भारतीय शाळांकडे वळतात. सरकारी शाळेत प्रवेश मिळालाच तर तिथे मातृभाषा हा सक्तीचा विषय आहे. भारतीय वंशाच्या मुलासाठी तमिळ आहे, कारण ती देशाच्या चार अधिकृत भाषांपैकी एक. तमिळ नसलेल्यांसाठी हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू असे पाच पर्याय. या यादीत मराठी नाही. म्हणून मराठी घरातले मूल मातृभाषेच्या तासाला हिंदी शिकते आणि परीक्षाही हिंदीची देते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा महाराष्ट्रात पेढे वाटले गेले. आपल्या भाषेच्या मुलांना परदेशी शाळेत स्वतःच्या भाषेचा तास मिळावा म्हणून राज्य सरकारने एखादे पत्र, एखादे क्रमिक पुस्तक, एखादा परीक्षक देऊ केला असता, तर पेढे जास्त गोड लागले असते. तूर्त ते काम महाराष्ट्र मंडळ सिंगापूरसारख्या संस्था सुट्टीच्या दिवशी, स्वयंसेवकांच्या बळावर करतात. गणेशोत्सव, नाटक, ‘ऋतुगंध’ हा अंक, मुलांचे मराठी वर्ग. अशा मंडळांची इकडे थट्टा होते, की तिकडे जाऊन हे लोक झिम्माफुगडीच खेळतात. ज्यांना भाषेसाठी दुसरे दारच नाही, त्यांच्या झिम्म्याला हसणे बरे नव्हे.

आतापर्यंतची गोष्ट मोठ्या क्वार्टरवाल्यांची झाली. सिंगापूरच्या साडेअठरा लाख परक्यांपैकी एम्प्लॉयमेंट पासवाले जेमतेम दोन लाख आहेत. वर्क परमिटवाले त्यांच्या पाचपटीहून जास्त. त्यांत तमिळनाडूचे, बांगलादेशाचे बांधकाम मजूर आहेत आणि घरकामासाठी आलेल्या इंडोनेशिया, फिलिपिन्स, म्यानमारच्या सुमारे तीन लाख बाया आहेत. यांना कुटुंब आणता येत नाही. तिथल्या नागरिकाशी लग्न करायचे तर सरकारची परवानगी लागते. घरकाम करणाऱ्या बाईची दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी होते आणि तिच्यात गर्भधारणेची चाचणीही असते. महिन्यातून एक दिवस तरी हक्काची सुट्टी, जी पैसे देऊन विकत घेता येणार नाही, हा नियम यायला २०२३ साल उजाडले. मजूर शहराच्या कडेला डॉर्मिटरीत राहतात आणि सकाळी उघड्या लॉरीच्या मागच्या बाजूला बसून कामावर जातात. ही प्रथा बंद करण्याची मागणी अनेक वर्षे चालू आहे. एप्रिल २०२० मध्ये करोना या डॉर्मिटरींत घुसला, तेव्हा तीन लाखांहून जास्त मजूर महिनोन्‌महिने कोंडले गेले. वर्षअखेरीपर्यंत त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना संसर्ग होऊन गेला होता. बाकीचे शहर बऱ्यापैकी सुरक्षित राहिले.

आणि इथेच मराठी मध्यमवर्गाचे वागणे खटकते. उंच इमारतीत राहणारा भारतीय लॉरीतल्या भारतीयाची ओळख ठेवत नाही. ‘आम्ही त्यातले नाही’ हे सांगण्याची त्याला घाई असते. रविवारी दोघेही लिटल इंडियात येतात. एक पोहे, तूरडाळ आणि कढीपत्ता घ्यायला, दुसरा घरी पैसे पाठवायला आणि गाववाल्यांना भेटायला. दोघांची नजरानजर होत नाही. ही सवय विमानात लागलेली नसते. खापरखेड्यात कायम कामगार आणि कंत्राटी कामगार एकाच संचावर एकाच पाळीत काम करतात, एकच राख दोघांच्या छातीत जाते. पण क्वार्टर, दवाखाना, पगाराची तारीख यांत दोघांत गेटाएवढे अंतर असते. इकडे ज्याला ते अंतर कधी दिसले नाही, त्याला तिकडे दिसण्याचे कारण नाही. सिंगापूरला नावे ठेवताना ही बाजूही मांडायला हवी, कारण तिथले सरकार निदान मालकाकडून प्रत्येक मलेशियाबाहेरच्या वर्क परमिटवाल्यामागे ५,००० डॉलरची हमी लिहून घेते. मजूर वेळेत परत जावा एवढाच तिचा मुख्य हेतू असला, तरी कोणत्या मालकाकडे कोण काम करतो याची कागदोपत्री नोंद पक्की असते. आपल्याकडे ठेकेदार बदलला की त्याच माणसाची नोकरी पुन्हा नव्याने सुरू होते.

बाकी आग्नेय आशियात चित्र थोडे वेगळे, पण तत्त्व तेच. बँकॉकमध्ये दीर्घ मुदतीच्या परदेशी माणसाला दर ९० दिवसांनी आपला पत्ता सरकारला कळवावा लागतो. त्याला जमीन विकत घेता येत नाही, आणि बऱ्याच कामांची यादी फक्त थाई नागरिकांसाठी राखून ठेवलेली आहे. या भागात राहिलेला सर्वांत नामवंत मराठी माणूस मात्र या सगळ्या कटकटींतून मुक्त होता. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही वर्षे ब्रह्मदेशातल्या मंडालेत काढली. राहण्याची परवानगी सरकारनेच दिली होती, आणि परत येण्याची नव्हती.

हा विनोद अलीकडे कडू झाला आहे. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरची नोकरी, राहणे-खाणे फुकट, पगार डॉलरमध्ये, अशा जाहिरातींना भुललेली भारतीय मुले बँकॉकला उतरतात आणि तिथून सीमेपलीकडे म्यानमारमधल्या म्यावड्डीच्या परिसरात नेली जातात. पासपोर्ट काढून घेतला जातो आणि त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामे करून घेतली जातात. परराष्ट्र मंत्रालयाने याबद्दल पहिला मोठा इशारा सप्टेंबर २०२२ मध्ये दिला. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी पाचशेहून जास्त भारतीयांना थायलंडच्या माए सॉट इथून परत आणले. त्यांच्यात महाराष्ट्रातलेही होते, आणि एजंटही इथलेच निघाले.

खापरखेड्याच्या सावनेर तालुक्यातल्या आयटीआय झालेल्या फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन मुलांना परदेशाची हाक येते ती बहुतेक वेळा अशाच एखाद्या एजंटाच्या फोनवरून. घरचे विचारतात, पगार किती. त्याआधी विचारायला हवे ते पास कोणता. सिंगापुरात वर्क परमिट मंजूर झाले की निघण्यापूर्वी कामगाराला तत्त्वतः मंजुरीचे पत्र मिळायला हवे, आणि त्यात मूळ पगार, भत्ते आणि कपाती लिहिलेल्या असतात. ते पत्र हातात नसेल तर विमानाचे तिकीट काढू नये. मलेशिया, थायलंड आणि इंडोनेशिया हे देश भारत सरकारच्या स्थलांतर-मंजुरीच्या यादीत आहेत. दहावी नापास मुलाच्या पासपोर्टवर तसा शिक्का असतो आणि तिथे नोकरीला जाण्याआधी त्याला ती मंजुरी घ्यावी लागते. एजंट ‘पर्यटक म्हणून चल, तिथे गेल्यावर कागद करू’ म्हणतो तेव्हा तो हीच पायरी चुकवत असतो. नोंदणीकृत एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नावानिशी पाहता येते, आणि ती पाहायला एजंटाची परवानगी लागत नाही.