आठवडाभराचे ‘खरे’ शहर

‘पर्यटकांचे नव्हे, तिथल्या माणसांचे शहर मी पाहिले’ हे वाक्य अलीकडच्या प्रवासलेखनात इतक्यांदा भेटते की ते आता मंगलाचरणासारखे वाटू लागले आहे. २०२३ च्या जूनमध्ये कोपनहेगनहून परतल्यावर मीही ते लिहिले आणि प्रवासवर्णन शिकवताना वर्गात वाचूनही दाखवले. एकटी गेले होते. सात दिवस. हॉटेलात न उतरता नॉरब्रो या भागात एका डॅनिश जोडप्याकडे राहिले होते. काही वर्षांपूर्वी तेही पुण्यात माझ्याकडे पाहुणे म्हणून येऊन गेले होते. वाचून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “मॅडम, हे तुमचे मित्र काय करतात?”

मजकुरात ‘माझे मित्र’ हे शब्द एकोणीस वेळा आले होते. (नंतर मोजले.) त्यांनी मला सायकल दिली, राईच्या पावावर हेरिंग मासा कसा रचतात ते दाखवले, रात्री दहापर्यंत रेंगाळणाऱ्या उजेडात बंदराच्या स्वच्छ पाण्यात पोहायला नेले. पण त्यांचा व्यवसाय काय, घर भाड्याचे की मालकीचे, मत कुणाला देतात, यातले एक अक्षरही त्यात नव्हते. स्वतःला ‘एकटी प्रवासिनी’ म्हणवून घेताना, माझ्यासाठी रजा काढणाऱ्या दोन माणसांना मी जुन्या नाटकातल्या निरोप्याइतकीच भूमिका दिली होती.

हा माझ्या एकटीचा दोष असता तर येथे लिहिण्याचे कारण नव्हते. पण ‘स्थानिक मित्र’ ही या लेखनप्रकाराची नवी सनद झाली आहे आणि ती एकदा दाखवली की लेखकाला पुढे काहीही सिद्ध करावे लागत नाही. मार्गदर्शक पुस्तिका हाती धरून जलपरीच्या पुतळ्यापुढे उभा राहणारा पर्यटक हास्यास्पद दिसत असेल. पण आपल्याला दाखवले जाणारे दाखवण्यासाठीच ठेवले आहे, एवढे तरी त्याला ठाऊक असते. १९१३ पासून ती मूर्ती त्याच कामासाठी खडकावर बसली आहे. मित्राच्या घरी उतरलेल्याला हे भान उरत नाही. मित्राची सायकलवाट, मित्राची बेकरी, मित्राची बाग यांची बेरीज करून तो तिला ‘खरे शहर’ म्हणतो. ही बेरीज एका विशिष्ट वर्गाच्या, विशिष्ट उत्पन्नाच्या, विशिष्ट वर्णाच्या माणसांच्या सवयींची आहे, हे तो सांगत नाही, कारण ते त्याच्या लक्षातच आलेले नसते.

माझ्या बाबतीत हे कुठे घडले ते सांगते. मुक्कामाच्या तिसऱ्या दिवशी आम्ही ‘सुपरकिलेन’ या लांबट सार्वजनिक उद्यानात गेलो. २०१२ मध्ये खुल्या झालेल्या या उद्यानात पन्नासहून अधिक देशांतल्या वस्तू मांडल्या आहेत: मोरोक्कोचे कारंजे, जपानी पद्धतीची ऑक्टोपसच्या आकाराची घसरगुंडी, थायलंडचा मुष्टियुद्धाचा आखाडा. नॉरब्रोत राहणाऱ्या नाना वंशांच्या लोकांचा हा सन्मान, असे मित्राने समजावले, आणि मी ते जसेच्या तसे उतरवून घेतले. उद्यानाला लागूनच विटांच्या इमारतींची एक वसाहत होती. तिकडे बोट दाखवल्यावर तो म्हणाला, “मिय्योल्नरपार्कन. आम्ही तिकडे फारसे जात नाही.” आम्ही कॉफी प्यायला वळलो.

त्या वसाहतीची हकिकत मी पुण्यात परतल्यावर वाचली. डेन्मार्कच्या संसदेने २०१८ मध्ये संमत केलेल्या कायद्यांनुसार काही सार्वजनिक गृहवसाहतींना सरकारी दप्तरात ‘घेट्टो’ असे नाव मिळाले. बेकारी, गुन्हे, शिक्षण, उत्पन्न हे निकष होतेच. पण निर्णायक अट होती रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक लोक ‘अ-पाश्चात्त्य’ मूळाचे असण्याची. यादीत सलग काही वर्षे राहिलेल्या वसाहतीतली कुटुंबांसाठीची सार्वजनिक घरे २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायची. २०२१ मध्ये ‘घेट्टो’ हा शब्द बदलून ‘समांतर समाज’ केला गेला. वंशमूळाची अट कायम राहिली. मिय्योल्नरपार्कनमधल्या घरांचा मोठा भाग विकण्याचे ठरले, रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितली आणि प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. म्हणजे कारंजे मोरोक्कोचे हवे, मोरोक्कोहून आलेले कुटुंब मात्र ठरावीक प्रमाणातच हवे.

आणि त्या ‘अ-पाश्चात्त्य’ रकान्यात भारतही येतो. मी पाहुणी म्हणून सात दिवस राहिले तोवर मी ‘जगाचे आकर्षण’ होते. शेजारच्या वसाहतीत घर घेतले असते तर आकडा फुगवणारी एक व्यक्ती झाले असते. हे वाक्य माझ्या लेखात नव्हते. त्यात डॅनिश ऊबदारपणावर मात्र दीड पान होते.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी याच शहरात आलेल्या एका बाईची येथे आठवण काढली पाहिजे. मेरी वुल्स्टनक्राफ्ट १७९५ च्या उन्हाळ्यात स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये फिरली. तिची पत्रे १७९६ मध्ये पुस्तकरूपाने आली. कोपनहेगनला ती पोहोचली तेव्हा जूनमधल्या भीषण आगीत घरे गमावलेले लोक शहराबाहेर तंबूंत राहत होते, आणि शहराबद्दल तिने लिहायला सुरुवात केली ती त्या तंबूंपासून. पहिल्याच पत्रात ती सांगते की, तुम्ही पुरुषांसारखे प्रश्न विचारता, असे तिच्या यजमानाने तिला तोंडावर ऐकवले. तिचे निष्कर्ष पुष्कळदा उतावळे आहेत, डॅनिशांवर ती अन्यायही करते. पण यजमानाच्या मेजावर बसून तिने प्रश्न सोडले नाहीत. आमचा प्रवासी लेखक पहिल्या घासाबरोबर प्रश्न गिळतो आणि त्याला सौजन्य म्हणतो.

यावर आक्षेप येईल की ज्याच्या घरचे मीठ खाल्ले त्याच्या शहराची उणीदुणी काढावीत काय? हा आक्षेप मला नुसता चुकीचा नव्हे, अपमानकारक वाटतो, आणि तो यजमानाचा अपमान आहे. आपल्या शहराविषयी अवघड प्रश्न झेलण्याइतका तो प्रौढ नाही, असे त्यात गृहीत आहे. शिवाय जन्माने त्या शहराचे असलेल्यांनीच त्याचे ‘एक खरे रूप’ कधी मान्य केले? किर्केगार्द कोपनहेगनच्या रस्त्यांवर रोज फिरत असे. १८४६ मध्ये ‘कोर्सारेन’ या व्यंगपत्राने त्याच्या विजारीची चित्रे काढल्यावर त्याच रस्त्यांवर पोरेटोरे त्याला चिडवू लागली. टोवे डिटलेवसेन ही १९१७ मध्ये वेस्टरब्रोच्या कामगारवस्तीत जन्मलेली लेखिका. तिच्या आठवणींतली मागची अंगणे आणि बापाची वारंवार सुटणारी नोकरी वाचून कुणी आजच्या वेस्टरब्रोत गेला तर पुस्तक चुकले की पत्ता, असे त्याला वाटेल. दोघेही ‘स्थानिक’च. यांतला कोणता मित्र आपल्याला शहर दाखवतो, यावर सारे अवलंबून आहे.

शेवटी मी मैत्रिणीला पत्र लिहिले आणि विद्यार्थिनीचा प्रश्न, उशिरा का होईना, विचारला. ती शाळेत शिकवते. इतके मला माहीत होते, पण कुठे, ते नव्हते. उत्तर आले की तिच्या वर्गात त्या वसाहतीतली दोन मुले होती, त्यांतल्या एकाच्या कुटुंबाला घर सोडावे लागले, आणि तेव्हापासून तिकडे जाताना तिचा पाय अडखळतो. “तू विचारले असतेस तर तिथेच सांगितले असते,” असे तिने लिहिले होते. खाली आणखी एक ओळ होती: तुमच्या सोसायटीत कुणाला घर मिळत नाही? पुण्यात ती आली होती तेव्हा मी तिला शनिवारवाडा दाखवला होता आणि मिसळ खाऊ घातली होती.