वाचला ना, मग झालं!

गेले दोन वीकएंड ब्लॉग कोराच राहिला. प्रॉडक्शन सपोर्ट, दुसरं काय! पण आज जे लिहितोय ते गणपतीपासून डोक्यात घोळतंय. जरा तिखट लागेल. लागू दे.

तर झालं असं. वालीवला मामाकडे सगळी भावंडं जमली होती. वालीव नाक्यावरून आत, गाळ्यांच्या रांगेमागे त्याची बिल्डिंग. तिथल्याच एका प्लास्टिक मोल्डिंगच्या गाळ्यात मामा वीसेक वर्षं शिफ्ट करतोय. आरत्या झाल्या, मोदक झाले आणि नेहमीप्रमाणे मेंढीकोटचा डाव बसला. माझा पार्टनर मामाचा धाकटा. वय १७, दिसतो १२-१३ चा. त्याची पाळी आली की तो पानं बघतो, विचार करतो, पुन्हा बघतो. पहिल्यांदा सगळे थांबले. दुसऱ्यांदा कुणीतरी "चल ना रे" म्हणालं. चौथ्या वेळी मी, म्हणजे तुमच्या या संवेदनशील वगैरे ब्लॉगरने, त्याच्या हातातलं पान ओढून टाकलं आणि वर म्हणालो, "हे टाकायचं असतं, बाळा."

पान बरोबर होतं. हात आम्ही जिंकलो. पुढच्या डावाला तो नव्हता, आत मामीला वाट्या पुसून देत होता. आणि खरं सांगतो, कुणाच्या लक्षातही आलं नाही. डाव मात्र मस्त स्पीडने चालला.

हा मुलगा ८ वर्षांचा असताना त्याला सकाळी उठल्या उठल्या उलट्या व्हायच्या. पित्त, जंत, नजर, सगळं करून झालं. चालताना तोल जायला लागला तेव्हा कुठे एमआरआय निघाला. मेड्युलोब्लास्टोमा. लहान मुलांच्या मेंदूत होणाऱ्या कॅन्सरच्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त आढळणारी ही गाठ, डोक्याच्या मागच्या बाजूला असलेल्या लहान मेंदूत होते. ऑपरेशन झालं. मग पूर्ण मेंदूला आणि पाठीच्या कण्याला रेडिएशन, आठवड्यातून ५ दिवस, असे ६ आठवडे. मग केमो. परळला, टाटात. मामा रात्रपाळी संपवून त्याला घेऊन वसई रोडला लोकल पकडायचा. कॅन्सरच्या पेशंटला अपंगांच्या डब्यात चढता येतं, हे मला तेव्हा कळलं. मुलगा वाचला. ज्यांनी वाचवला त्यांना माझा दंडवत आहे, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे त्यानंतरची ९ वर्षं कानावर पडणाऱ्या एका वाक्याशी : "वाचला ना, मग झालं!"

आमच्या धंद्यात याला गो-लाइव्ह म्हणतात. केक कापतात, मॅनेजर लोक हात मिळवतात, टीम दुसऱ्या प्रोजेक्टवर जाते. मेंटेनन्सला उरतो एखादा ट्रेनी. इथे उरली मामी.

आता थोडं टेक्निकल. कंटाळू नका, सगळं यावरच आहे. रेडिएशनने गाठ जाते, पण वाढत्या मेंदूतल्या जोडणाऱ्या तारांनाही मार बसतो. आधी शिकलेलं बहुतेक टिकतं. नवीन गोष्ट आत जायला आणि उत्तर बाहेर यायला मात्र जास्त वेळ लागतो. त्यामुळे दुसरीत बरोबरीला असलेला मुलगा दरवर्षी थोडा थोडा मागे पडत जातो, आणि लोकांना वाटतं, आजारपणात लाडावला, आळशी झाला. त्यात केमोमधल्या सिस्प्लॅटिनने वरच्या पट्टीतलं ऐकू येणं कमी होऊ शकतं. शांत खोलीत सगळं नीट ऐकू येतं, पण डबा खायच्या सुट्टीतल्या गलक्यात 'स', 'श', 'फ' हरवतात. म्हणजे जोकचा शेवटचा शब्द हरवतो. सगळ्यांचं हसून झालं की आमचा हा हसतो. वाढीचं हार्मोन कमी पडतं, उंची तिथेच राहते. समोरच्याच्या चेहऱ्यावरचे भाव वाचणंसुद्धा अशा काही मुलांना जड जातं.

असा मुलगा नववीच्या वर्गात सोडा आणि बघा काय होतं. काहीच होत नाही! तेच तर. कुणी मारलं नाही, चिडवलंही फारसं नाही. कुणी बोलावलं नाही, एवढंच. १९९८ मध्ये अमेरिकेत कॅथरिन व्हानाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या गाठीतून बऱ्या झालेल्या मुलांच्या वर्गातल्या पोरांनाच विचारलं होतं, तुमचे जिगरी दोस्त कोण. या मुलांची नावं इतरांच्या मानाने कमी वेळा आली, आणि 'एकटा असतो' असं त्यांच्याबद्दल जास्त सांगितलं गेलं. पुढे मोठेपणीच्या पाहण्यांतही तेच. लहानपणी इतर कॅन्सर होऊन वाचलेल्यांपेक्षाही यांची लग्नं कमी होतात.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्याला विचारलं, "मित्र येतात का रे घरी?" म्हणाला, "ग्रुपवर आहेत ना, दादा." मोबाइल दाखवला. वर्गाचा ग्रुप. पोरं भर्रकन लिहितात, हा टाइप करेपर्यंत विषय तीन स्टेशनं पुढे गेलेला असतो. मॅचबद्दलचं त्याचं वाक्य एकटंच खाली, दोन निळ्या टिका, पुढे कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. वाक्य चांगलं होतं हो. लेट होतं.

हळू सर्व्हर आला की आम्ही काय करतो? टाइमआउट वाढवतो. सर्व्हरला 'बिच्चारा' म्हणत नाही आणि त्याला शाल-श्रीफळ देत नाही. याला मात्र दोनदा 'कॅन्सर योद्धा' म्हणून स्टेजवर उभा केलाय. मोठमोठी भाषणं, फोटो, टाळ्या. त्या फोटोत त्याच्या शेजारी सगळे पन्नाशीचे काका. त्याच्या वयाचा एकही पोरगा नाही.

यावर घरातच मला ऐकावं लागलं. "टाटाच्या बाहेरच्या फूटपाथवर लोक कसे दिवस काढतात बघ, म्हणजे कळेल जीव वाचणं काय असतं." मान्य. शंभर टक्के मान्य. कित्येक पोरं तर एमआरआयपर्यंतही पोचत नाहीत. पण हे सांगणारे कोण? ज्यांनी त्या फूटपाथवरच्याला कधी चहा पाजला नाही ते. आणि मी कुठे नवं मशिन मागतोय? दहा सेकंद थांबा म्हणतोय. त्याचा निधी कोण मंजूर करणार?

कायदा थोडासा तरी शहाणा आहे. अपंगत्वाचा दाखला असेल तर परीक्षेत ताशी २० मिनिटं जास्त मिळतात. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. पण ज्याचा वेग मंदावलाय, कान अर्धवट गेलाय आणि तोल थोडा जातो, त्याने नेमक्या कुठल्या रांगेत उभं राहायचं? ४० टक्के भरले तर दाखला. आणि दाखला मिळाला तरी जादा वेळ पेपरला मिळतो, मधल्या सुट्टीला नाही.

मामीचं म्हणणं वेगळं. "कुणाला सांगू नकोस. उद्या नोकरी, लग्न." तिच्यावर मी चिडू शकत नाही. वालीवमध्ये 'कॅन्सर' शब्द ऐकून वेगळा पेला ठेवणारी माणसं तिने बघितलीत. तरी मला वाटतं, ती चुकतेय. नाव झाकलं की लोक स्वतःच्या मनाने नाव देतात. ढ, मंद, माजोरडा. त्याला स्वतःला चालत असेल तर दोन-चार जणांना सरळ सांगावं : याला वेळ लागतो, समोर येऊन बोल, गलक्यात बोलू नकोस.

बरं, मार्ग अजिबात नाहीत असंही नाही. टाटात उपचार संपलेल्या मुलांसाठीचं क्लिनिक १९९१ मध्ये सुरू झालं. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली बऱ्या झालेल्या तरुणांनीच २००९ मध्ये 'उगम' नावाचा ग्रुप उभा केला. स्वतः त्यातून गेलेली पोरं भेटणं ही फार मोठी गोष्ट आहे. पण रोज संध्याकाळी गप्पा मारायला कुणी वालीवहून परळला जाऊ शकत नाही. रोजचा मित्र बिल्डिंगमध्येच लागतो, वर्गातच लागतो, आणि तिथे तुम्ही-आम्ही आणि आपली पोरं आहोत.

मागच्या रविवारी पत्त्यांचा कॅट घेऊन मी पुन्हा गेलो. माफी वगैरे मागायची होती, ते काही जमलं नाही. रमी खेळलो. त्याने मला तीनदा हरवलं. (मी मुद्दाम हरलो नाही. विचारा मामाला.) निघताना त्याच्या वर्गातल्या खालच्या मजल्यावरच्या पोराला गाठलं, जिन्यातच दहा मिनिटं बोललो, अर्थात धाकट्याला आधी विचारून. तो म्हणाला, "मला वाटायचं त्यालाच बोलायचं नसतं." उद्या तो आणि अजून एक जण येतो म्हणालेत, चारला. मामीने दुपारपासून दोनदा फोन करून विचारलंय, पोहे किती जणांचे भिजवू. मी चौघांचे सांगितलेत.