वेबसाइटवर ५०० एरर आला? आधी लॉग वाचा, मग फोन करा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सीपॅनलमध्ये एरर लॉग कुठे सापडतो ते स्क्रीनवर पाहिलं. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून त्यामागचं माझं मत इथे जरा सविस्तर मांडतो. मत सरळ आहे: ज्याच्या धंद्याची वेबसाइट आहे, त्या मालकाला स्वतःच्या साइटचा एरर लॉग उघडून वाचता आलाच पाहिजे. बिघाड दुरुस्त करता आला नाही तरी चालेल, पण तो काय आहे हे वाचता यायला हवं.

का, ते सांगतो. समजा, तुम्ही रत्नागिरी हापूस ऑनलाइन विकता. एप्रिलचा महिना आहे, पेट्या भरून तयार आहेत आणि साइट उघडली की समोर पांढरा पडदा, त्यावर '५०० इंटर्नल सर्व्हर एरर'. तुम्ही डेव्हलपरला फोन लावता. तो म्हणतो, "होस्टिंगचा प्रॉब्लेम आहे." होस्टिंगच्या सपोर्टला तिकीट टाकता. उत्तर येतं, "आमचा सर्व्हर व्यवस्थित चालू आहे, तुमच्या कोडमध्ये दोष आहे." दोघांनीही लॉग उघडलेला नसतो. यात दोन दिवस जातात, आणि आंबा काही कुणासाठी थांबत नाही.

ही टोलवाटोलवी थांबवायला लॉगमधली एक ओळ पुरते.

५०० म्हणजे नक्की काय?

४०४ म्हणजे मागितलेलं पान सापडलं नाही. ५०० म्हणजे मागणी सर्व्हरपर्यंत पोचली, पण पान तयार करणारी स्क्रिप्ट मध्येच कोसळली. डॉक्टरकडे जाऊन "ताप आहे" म्हणण्यासारखं आहे हे. ताप कशामुळे आला, ते तपासावंच लागतं.

खरं कारण ग्राहकाच्या स्क्रीनवर दाखवत नाहीत, आणि ते योग्यच आहे. त्यात फोल्डरचे रस्ते असतात, कधी डेटाबेसची माहितीही असते. ती चोराच्या हाती कशाला द्यायची? म्हणून सर्व्हर ते कारण लॉगमध्ये लिहून ठेवतो. सीपॅनलमध्ये 'मेट्रिक्स' विभागात 'एरर्स' उघडा. तिथे काही नसेल तर फाइल मॅनेजरमध्ये साइटच्या फोल्डरात 'एरर लॉग' नावाची फाइल शोधा.

एक काळजी घ्या: लॉगमधली वेळ बऱ्याचदा यूटीसीमध्ये असते. आपली घड्याळं त्याच्या साडेपाच तास पुढे. सकाळी १०.१० ला साइट पडली असेल तर लॉगमध्ये ४.४० ची नोंद शोधा.

ओळ कशी वाचायची?

त्या ओळीत चार गोष्टी असतात: वेळ, एररचा प्रकार, फाइलचा रस्ता आणि कोडमधल्या ओळीचा क्रमांक. मालकासाठी सगळ्यात कामाचा असतो तो रस्ता. रस्त्यात प्लगइन फोल्डरचं नाव आणि त्यापुढे एखाद्या प्लगइनचं नाव दिसलं, तर पहिला संशयित तिथेच मिळाला. थीम फोल्डर दिसला तर थीमकडे बघा.

आता नेहमी भेटणारे प्रकार बघू.

'पार्स एरर' म्हणजे कुणीतरी फाइलमध्ये हात घातलाय आणि कंस किंवा अर्धविराम चुकलाय. आज सकाळी कोणी काय बदललं, एवढंच विचारा.

'अलाउड मेमरी साइज' आणि पुढे १३४२१७७२८ असा लांबलचक आकडा दिसला, तर घाबरू नका. ते १२८ एमबी आहेत. स्क्रिप्टला दिलेली मेमरी संपली. मर्यादा वाढवता येते, पण एवढी मेमरी कोण खातंय हेही विचारायला हवं.

'परमिशन डिनाइड' म्हणजे फाइलचे हक्क चुकलेत. साधारणपणे फोल्डरला ७५५ आणि फाइलला ६४४ असतं. "सगळ्याला ७७७ करून टाका" असा सल्ला कोणी दिला, तर अजिबात ऐकू नका. ते दुकानाचं शटर रात्रभर उघडं ठेवण्यासारखं आहे. शिवाय अनेक होस्टिंगवर ७७७ केल्यामुळेच ५०० येतो.

'कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन' यावर जरा थांबू या, कारण खरं भांडण इथे होतं. पीएचपी ७.४ चा सपोर्ट नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. होस्टिंगवाले सर्व्हर पीएचपी ८ वर नेतात. पीएचपी ८ मधून काही जुनी फंक्शन्स काढून टाकलेली आहेत. तुमच्या साइटवरचं जुनं प्लगइन त्यातलंच एखादं वापरत असेल, तर काल चालणारी साइट आज बंद. डेव्हलपर म्हणतो, "मी काही बदललंच नाही." होस्टिंग म्हणतं, "सर्व्हर ठीक आहे." दोघंही खोटं बोलत नसतात!

माझ्या मते व्हर्जन वाढवणं योग्यच आहे. ज्याला सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत, अशा व्हर्जनवर ग्राहकांचे पत्ते आणि फोन नंबर ठेवू नयेत. होस्टिंगने सोय दिली असेल तर 'मल्टीपीएचपी मॅनेजर'मधून तात्पुरतं मागचं व्हर्जन लावता येतं. पण त्याला स्टेपनी समजा. स्टेपनीवर पंक्चरवाल्यापर्यंत जायचं असतं, वर्षभर गाडी चालवायची नसते.

"सर, आम्ही दुकान चालवायचं की कोड शिकायचा?"

हा प्रश्न नेहमी येतो, आणि रास्त आहे. दुकानच चालवा. पण तुम्ही सीए नसूनही बँकेचं स्टेटमेंट वाचताच ना? एखादी रक्कम चुकीची दिसली की तेवढ्या नोंदीवर बोट ठेवून विचारता. लॉगचंही तसंच. "साइट बंद आहे, लवकर बघा" या मेसेजला कोणीही "बघतो" म्हणून टाळू शकतो. पण "१०.१० पासून ५०० येतोय, लॉगमधली ओळ सोबत पाठवतोय, त्यात अमुक प्लगइनचं नाव आहे" या मेसेजला टाळता येत नाही. काम कुणाचं आहे ते त्या ओळीतच लिहिलेलं असतं.

आणि साइट उघडतेय म्हणजे सगळं ठीक आहे, असंही नाही. ग्राहकाने यूपीआयने पैसे भरले की पेमेंट गेटवे तुमच्या साइटवरच्या एका स्क्रिप्टला तसं कळवतो. नेमकी तीच स्क्रिप्ट ५०० देत असेल, तर होमपेज छान दिसतं, ग्राहकाच्या खात्यातून पैसे जातात आणि तुमच्याकडे ऑर्डर 'पेंडिंग' राहते. ग्राहकाला वाटतं, आपण फसलो. हा एरर पडद्यावर कोणालाच दिसत नाही, तो लॉगमध्येच दिसतो. म्हणून साइट चालू असतानाही आठवड्यातून एकदा, पाच मिनिटं लॉग बघा.

आज करायची तीन कामं

१. होस्टिंगचं लॉगिन तुमच्याकडे आहे का ते तपासा. बिल तुम्ही भरता आणि किल्ली दुसऱ्याकडे, हे बरं नव्हे.

२. वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमधला अ‍ॅडमिन ईमेल बघा. व्हर्जन ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून, मोठा एरर आला की वर्डप्रेस त्या पत्त्यावर मेल पाठवतं, आणि त्यात रिकव्हरी मोडची लिंक असते. तो पत्ता तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचा असेल, तर तुमची धोक्याची घंटा त्याच्या घरी वाजतेय.

३. साइट चालू असतानाच एकदा लॉग उघडून बघा. आग लागल्यावर बादली कुठे आहे ते शोधू नये.

लॉगमधली ओळ कळली म्हणून लगेच कोडमध्ये हात घालू नका. बॅकअप घेतल्याशिवाय तर मुळीच नाही. दुरुस्ती डेव्हलपरलाच करू द्या, त्याचे पैसेही वेळेवर द्या. फक्त पुढच्या वेळी फोन करताना ती एक ओळ हातात ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!