ॲम्बॅसडरला कुठे होते पॉवर स्टिअरिंग?

गीतांजली एक्सप्रेसने किंवा मेलने हावड्याला उतरलेला मराठी प्रवासी सामान सांभाळत स्टेशनाबाहेर आला, की त्याची पहिली गाठ पडायची ती ॲम्बॅसडर टॅक्सीशी. समोर हुगळी नदी, तिच्यावर १९४३ साली खुला झालेला तो अवाढव्य पूल आणि पुलाच्या तोंडाशी बस, हातगाड्या, हमाल नि माणसांची एकच झुंबड. त्या गर्दीतून टॅक्सी बाहेर काढणारा ड्रायव्हर एक गोष्ट न चुकता करायचा. गाडी जागच्या जागी उभी असताना तो स्टिअरिंगशी झटापट करत नसे. आधी गाडी वीतभर पुढे सरकवायची आणि चाके फिरू लागली की दोन्ही हातांनी ते मोठे चक्र ओढायचे. पुन्हा वीतभर मागे, पुन्हा ओढायचे. मागे बसलेल्या प्रवाशाला वाटे, याला घाई नाही. खरे तर तो आपले खांदे वाचवत असे.

या टॅक्सीचे माहेरही तिथून जवळच. हावड्याहून बर्धमानच्या दिशेने निघालेली लोकल लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा अशी स्टेशने घेत ‘हिंदमोटर’ला थांबते. कारखान्याच्या नावावरून स्टेशनाचे नाव पडले. हिंदुस्तान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्ये गुजरातेत ओखा बंदरात सुरू झाली आणि १९४८ मध्ये इथे आली. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवर बेतलेली ॲम्बॅसडर १९५७ पासून इथे तयार होऊ लागली आणि मे २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. जवळजवळ सत्तावन्न वर्षे! त्यातली बहुतेक वर्षे या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हते. ते आले ते अगदी अखेरच्या काळात, काही मॉडेलांमध्ये.

आता हीच गोष्ट आपल्या दारात कशी येते ते पाहा.

समजा, घरात बारा-पंधरा वर्षांची मोटार आहे. सकाळी गाडी हलवली की खाली तेलाचा डाग दिसतो. स्टिअरिंग वळवताना कुरकुर ऐकू येते. गॅरेजमध्ये नेल्यावर मिस्त्री खाली वाकून बघतो, हात पुसतो आणि सांगतो, “साहेब, पॉवर स्टिअरिंगचा रॅक गेलाय. नवा घालायचा तर खर्च मोठा. त्यापेक्षा काढूनच टाकू. पट्टा काढला की काम झालं. गाडी हलकी होईल, पेट्रोल वाचेल.” आणि गिऱ्हाईक घुटमळले, की पुढचे वाक्य ठरलेले असते, “अहो, ॲम्बॅसडरला कुठे होतं पॉवर स्टिअरिंग? ती चाललीच ना?”

प्रश्न बिनतोड वाटतो. पण त्याचे उत्तर समजून घेतल्याशिवाय पट्ट्याला हात लावू देऊ नये.

हातांना मदत कशी मिळते?

साध्या स्टिअरिंगचे काम सोपे आहे. आपण चक्र फिरवतो, त्याच्या दांड्याच्या टोकाला एक छोटे दातेरी चाक असते, त्याला पिनियन म्हणतात. ते एका आडव्या दातेरी दांड्याला, म्हणजे रॅकला, डावीउजवीकडे सरकवते आणि रॅक पुढची दोन्ही चाके वळवतो. ॲम्बॅसडरमध्ये हीच रॅक-पिनियनची रचना होती.

पॉवर स्टिअरिंगमध्ये याच रॅकभोवती तेलाची नळकांडी बसवलेली असते. इंजिनावरच्या पट्ट्याने एक पंप फिरतो. तो तेलाला दाब देतो. आपण चक्र किंचित वळवले, की आतली एक बारीक पोलादी कांडी पिळली जाते, त्याबरोबर झडप उघडते आणि दाबाखालचे तेल रॅकच्या दट्ट्याला हव्या त्या बाजूला ढकलते. हात फक्त दिशा सांगतात, जोर तेल लावते.

या कल्पनेमागे फ्रान्सिस डेव्हिस नावाचा अमेरिकन इंजिनिअर होता. अवजड ट्रक वळवताना ड्रायव्हरांचे होणारे हाल त्याने पाहिले होते. १९२६ पर्यंत त्याने आपली रचना गाडीवर बसवून दाखवली, पण खर्चाच्या भीतीने मोटार कंपन्यांनी ती बाजूला ठेवली. दुसऱ्या महायुद्धात लष्करी गाड्यांना ती उपयोगी पडली आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या मोटारीत आली ती १९५१ मध्ये, क्रायसलरच्या इम्पीरियल गाडीत. पुढे तेलाऐवजी विजेच्या मोटरने मदत करणारे स्टिअरिंग आले. जपानच्या सुझुकी कंपनीने १९८८ मध्ये ते सर्वो या छोट्या गाडीत बसवले. आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या मोटारींत असेच विजेवरचे स्टिअरिंग असते.

पट्टा काढला म्हणजे साधे झाले का?

नाही. इथेच सगळी गफलत होते.

पट्टा काढला तरी रॅकमधला दट्ट्या आणि आतले तेल जागच्या जागीच राहतात. आधी तेल आपल्याला ढकलत होते, आता आपण तेलाला ढकलायचे. अरुंद झडपेतून ते तेल इकडून तिकडे रेटण्याचे काम आपल्या मनगटांवर येऊन पडते. ती पोलादी कांडीही तशीच राहते. त्यामुळे चक्र वळवले, की आधी थोडे पोकळ फिरल्यासारखे वाटते आणि मग एकदम जड लागते. तेल संपून आत कोरडे पडले तर सील आणि झडप झिजू लागतात. नळ्या तोडून उघड्या ठेवल्या तर धूळ आणि ओल आत शिरते, गंज चढतो.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. साध्या स्टिअरिंगच्या गाडीत चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेण्यासाठी चारच्या आसपास फेऱ्या माराव्या लागतात. फेऱ्या जास्त, म्हणून प्रत्येक फेरीला जोर कमी. पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत फेऱ्या सहसा कमी, तीनच्या आसपास असतात, कारण जोराची काळजी पंप घेणार असतो. विहिरीवर मोठ्या रहाटाने पाणी काढणे आणि रहाट काढून हाताने दोर खेचणे, यांत जेवढा फरक, तेवढा हा फरक आहे.

ॲम्बॅसडरचे चक्र मोठे होते ते उगीच नव्हे. चक्राचा व्यास ३६ सेंटिमीटरऐवजी ४० असेल, तर तेच काम करायला हाताचा जोर दहा टक्के कमी लागतो. चक्र, फेऱ्या, चाकांचा कल, टायरची रुंदी, हे सारे तिथे एकमेकांशी जुळवून, हाताच्या जोराचा हिशेब धरून केलेले होते. आजच्या गाडीत टायर रुंद, चक्र लहान, फेऱ्या कमी. शिवाय वळणानंतर चाके आपोआप सरळ यावीत म्हणून त्यांचा कलही सहसा जास्त ठेवलेला असतो. हे सारे पंपाच्या भरवशावर असते.

म्हणून मिस्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर असे: ॲम्बॅसडर पॉवर स्टिअरिंगशिवाय चालली, कारण ती तशीच बनवलेली होती. आपली गाडी तशी बनवलेली नाही. बंद पाडलेले पॉवर स्टिअरिंग म्हणजे साधे स्टिअरिंग नव्हे.

गाडी कोणाच्या हातात असते?

गाडी घरात एकच माणूस चालवत असेल, त्याची मनगटे दणकट असतील, तरी गोष्ट तिथे संपत नाही. मुलांना शाळेत सोडायला आई गाडी काढते. भाजी आणायला निवृत्त आजोबा काढतात. नुकते लायसन्स मिळालेली मुलगी काढते. मोकळ्या रस्त्यावर, गाडी वेगात असताना या कोणालाच फारसा फरक जाणवणार नाही, कारण चाके फिरत असली की स्टिअरिंग हलके लागते. फरक जाणवतो तो अरुंद गल्लीत, पार्किंगमध्ये, चौकातल्या काटकोनी वळणावर. आणि सर्वांत जास्त जाणवतो, कोणी अचानक आडवे आले तर. त्या अर्ध्या सेकंदात हाताला सवय असते हलक्या चक्राची आणि हाती लागते जड चक्र. गाडी वळायला हवी तेवढी वळत नाही.

हाच धोका आपल्याकडे अनेक जण स्वतःहून ओढवून घेतात. घाट उतरताना पेट्रोल वाचवायचे म्हणून इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडायची, ही जुनी खोड. इंजिन बंद झाले, की पंप थांबतो, स्टिअरिंग जड होते. एकदोनदा दाबल्यावर ब्रेकही दगडासारखा होतो, कारण त्यालाही इंजिनाचीच मदत असते. किल्ली चुकून पूर्ण मागे फिरली आणि निघाली, तर स्टिअरिंग कुलूपबंदसुद्धा होऊ शकते. वाचलेल्या चार थेंब पेट्रोलची ही किंमत नव्हे.

एक गोष्ट मात्र घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला सांगून ठेवावी. चालत्या गाडीत इंजिन अचानक बंद पडले किंवा पट्टा तुटला, तर स्टिअरिंग जड होते, निकामी होत नाही. घाबरून हात सोडू नयेत. किल्ली काढू नये. दोन्ही हातांनी चक्र घट्ट धरून जोर लावावा, ब्रेक एकदाच दाबून धरावा, गाडी कडेला घ्यावी.

काढण्याआधी काय पाहावे?

स्टिअरिंग जड झाले म्हणजे रॅकच गेला, असे नाही. आधी टायरमधली हवा पाहावी. हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागते. मग तेलाच्या डबीतली पातळी पाहावी, पट्टा सैल झाला आहे का ते पाहावे. सैल पट्टा पूर्ण वळणावर किंचाळतो. गळती कुठून आहे हे नळ्या पुसून, इंजिन चालू ठेवून, चक्र दोन्हीकडे वळवून शोधावे. पुष्कळदा दोष एखाद्या नळीत, तिच्या क्लिपमध्ये किंवा रबरी कड्यात निघतो आणि काम थोडक्यात भागते. रॅक खरोखर गेला असला, तरी नवे सील घालून तो दुरुस्त होतो का, हे या कामातल्या जाणकाराला विचारावे.

पेट्रोल वाचते का? तेलाचा पंप इंजिन चालू असेपर्यंत फिरत राहतो, त्यामुळे थोडे इंधन खातो हे खरे. पण ती बचत थोडीच. विजेवरचे स्टिअरिंग तर मुख्यतः चक्र वळवतानाच वीज घेते. तिथे वाचण्यासारखे काही नसते. उलट त्याचा फ्यूज काढून ठेवला तर मोटरचे ओझे हातावर येते, आणि त्याच्या सेन्सरवर गाडीच्या इतर सुरक्षा यंत्रणाही अवलंबून असू शकतात. विजेवरच्या स्टिअरिंगला हौशी हात लावूच नये.

एवढे करूनही साधे स्टिअरिंगच हवे असेल, तर सरळ मार्ग एकच आहे. त्याच मॉडेलची पॉवर स्टिअरिंगशिवायची आवृत्ती कंपनीने काढलेली असली पाहिजे. मारुतीच्या ऑल्टोसारख्या गाड्यांमध्ये अशा आवृत्त्या होत्या. त्या आवृत्तीचा पूर्ण साधा रॅक, टाय रॉड, दांड्याचा जोड आणि बसवण्याचे भाग, असा सारा संच बसवावा लागतो. पंप काढल्यावर पट्टा योग्य लांबीचा घालावा लागतो. काही गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंप आणि अल्टरनेटरही फिरवतो. तो चुकला तर इंजिन तापते आणि बॅटरी उतरते. शेवटी चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे.

हावडा हे लेथ आणि ओतकामाच्या लहान कारखान्यांचे गाव. तिथल्या बेलिलियस रोडसारख्या भागात लेथवर नाना तऱ्हेचे सुटे भाग तयार होतात. असे हुन्नरी कारागीर आपल्याकडे कोल्हापुरातही आहेत. त्यांच्या हाताला तोड नाही. पण कारागीर कितीही चांगला असो, स्टिअरिंगचा दांडा कापून, वेल्डिंग करून जोडलेला कधीही स्वीकारू नये. गाडीतले इतर पुष्कळ जोड तुटले तर गाडी थांबते. हा तुटला तर गाडी थांबत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. तेव्हा स्टिअरिंगमध्ये फेरबदल करण्यापूर्वी आरटीओ आणि विमा कंपनी, दोघांनाही लेखी विचारावे. अपघातानंतर विचारण्यात अर्थ नसतो.

कोलकात्यात व्यावसायिक गाड्यांना पंधरा वर्षांची वयोमर्यादा आली आणि उत्पादन तर २०१४ मध्येच थांबले, त्यामुळे हावड्याच्या रांगेतल्या पिवळ्या ॲम्बॅसडर ओसरत चालल्या आहेत. ती गाडी चालवणाऱ्यांनी आपल्या गाडीचा स्वभाव ओळखला होता. ती जागच्या जागी वळायला राजी नसे, म्हणून ते तिला वीतभर सरकू देत. आपल्या गाडीचा स्वभाव वेगळा आहे. तो ओळखावा आणि गॅरेजमध्ये ‘काढून टाका’ म्हणण्याआधी, त्या चक्रावर घरातले कोणाकोणाचे हात पडतात, तेवढे एकदा आठवावे.